टेबलावरचा खोका

१२ मार्च २००७
डॉसनसाहेब सुट्टीत अमेरिकेला घरी जाऊन इथे आखातात परत आले. ऑफिसात केक! कशाबद्दल, तर फ्लोरिडात तिसरं घर घेतलं म्हणून. एकात राहायचं, एक भाड्याने द्यायचं, एक नुसतं ठेवायचं — भाव चढले की विकायचं. मी विचारलं, तिन्ही कर्जावर? तर हसले. "किशोरी, घरांचे भाव कधी उतरत नसतात." तिकडे म्हणे पगाराचा कागदही न बघता कर्ज देतात. मला नाही पटलं. इतकं सुखासुखी कोण कुणाला देतं? मी सेकंडहँड फ्रिज घेतला तेव्हा तासभर दुकानात चालू ठेवून बघितला होता. नवरा असून धनंजय म्हणतो, "तुला प्रसादाच्या शिऱ्यातही खडा दिसतो." दिसतो! असतो म्हणून दिसतो.

नूरबानूने तिच्या वाटचा केक मला बांधून दिला, "लेकीसाठी ने, यशूसाठी." फायलिंगला असते, श्रीवर्धनची आहे. गोड बोलते. जरा जास्तच.

१६ सप्टेंबर २००८
न्यूयॉर्कची एवढी मोठी बँक बुडाली! टीव्हीवर सूटबुटातली माणसं हातात पुठ्ठ्याचे खोके घेऊन बाहेर पडत होती. साहेब चहा विसरून बघत राहिले. म्हणाले, आमच्याकडे असंच असतं. आधी कुणी बोलत नाही. सकाळी टेबलावर रिकामा खोका दिसला की समजायचं. मी म्हटलं, आम्ही निदान नारळ तरी देतो! नूरबानूचा रोजा होता, तरी खो खो हसली. मग हळूच मला — "ताई, एप्रिलला भाचीच्या लग्नाला चिपळूणला जाणार ना? सामान किती होईल?" हिला कशाला नसत्या चौकशा?

८ डिसेंबर
धनंजयची साइट बंद. अर्बाब, म्हणजे त्याचा अरब मालक, म्हणतो, इन्शाल्ला जानेवारीत सुरू होईल. म्हणजे होणार नाही.

१९ जानेवारी २००९
ह्यूस्टनच्या हेडऑफिसचा फॅक्स. समुद्रकाठच्या हॉटेलचं काम खलास — पैसा अमेरिकेतून यायचा होता, तिथेच ठणठणाट. तीन ड्राफ्ट्समन गेले. साहेबांचीही दोन घरं बँकेने घेतली. आता कधी उतरत नसतात का, विचारावंसं वाटलं. तोंड बघून चहा पुढे केला.

आता म्हणतात, ऑफिसला एकच बाई पुरे. म्हणजे मी नाहीतर नूरबानू! तिचा नवरा अहमद मवालेहच्या फळबाजारात कामाला, त्याचा पगार चालू आहे. माझं घर माझ्या एकटीवर. माझी गेली तर भर दहावीत यशूला घेऊन गावी जायचं का? परीक्षा मार्चमध्ये. छे! काहीही होवो, मी जाणार नाही.

३ फेब्रुवारी
नूरबानू फोनवर कुजबुजते. मी जवळ गेले की "नंतर बोलते" म्हणून ठेवते. आज एवढंच कानावर आलं — "या महिन्यात झालंच पाहिजे." काय झालं पाहिजे?

२४ फेब्रुवारी
ती साहेबांच्या केबिनमध्ये दहा मिनिटं! दार लावून! बाहेर आली ती डोळे पुसत. मला बघून हसली. संपलं. माझा काटा काढला बयेने.

२५ फेब्रुवारी, बुधवार
आठवड्याचा शेवटचा दिवस, इथे गुरुवार-शुक्रवार सुट्टी. सकाळी टेबलावर खोका. रिकामा, स्वच्छ, बाजूला ठळक यू.एस.ए.! नूरबानू बँकेच्या कामाला बाहेर गेलेली. तोंड दाखवायची हिंमत नाही, दुसरं काय!

तडक केबिनमध्ये शिरले. साहेबांनी तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं — मला काय काढता, नूरबानू स्वतःच दुसरीकडे नोकरी बघतेय. फोन चालू असतात. ठरलंयसुद्धा. साहेबांनी विचारलं, "खात्री आहे?" खात्री कसली! पण हो म्हटलं. ते समोरच्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, जा, काम कर. खोक्याचं नावही नाही.

वाचले!

२८ फेब्रुवारी, शनिवार
नूरबानूला काढलं. तिने डबा, छत्री, जपाची तसबीह पिशवीत भरली आणि माझ्याकडे आली. म्हटलं, आता ही माझ्या झिंज्या उपटणार. तर म्हणाली, "ताई, खोका बरा आहे ना? केळ्यांचे नरम पडतात. अहमदच्या मागे लागले होते, सफरचंदाचा आण, अमेरिकेचा. कार्गोत फुटत नाही. लग्नाचं सामान नीट जाईल तुझं."

टोमणा असेल का? तसं वाटलं नाही. म्हणजे फोनवरचं 'या महिन्यात झालंच पाहिजे' ते हे, खोक्याचं! मग कुजबुजत का होती? — साहेबांना खाजगी फोन खपत नाहीत. मीही कुजबुजतेच की.

खोका घरी आणला. सफरचंदाचा वास येतोय. धनंजय म्हणाला, झकास खोका! मी जेवले नाही.

४ एप्रिल
नूरबानू श्रीवर्धनला गेली, अहमद इथेच. तिचा व्हिसा कंपनीचा होता. अहमदच्या पगारावर फॅमिली व्हिसा मिळत नाही. मला हे माहीत नव्हतं.

माहीत होतं.

१६ जानेवारी २०१०
पुन्हा केक. ह्यूस्टन सावरलं, हॉटेल सुरू! धनंजयही कामावर. साहेब म्हणतात, अमेरिकेचे वाईट दिवस सरले. बघू. दोघींचं काम आहे, म्हणाले, नूरबानूला बोलावून घे. आणि केक कापता कापता सहज पुढचं बोलून गेले. गेल्या फेब्रुवारीत दार लावलं होतं त्या मंगळवारी ती केबिनमध्ये येऊन रडली होती. एकीला काढायचं तर मला काढा, किशोरीताईच्या मुलीची परीक्षा आहे, तिचा नवरा घरी बसलाय. साहेब नाही म्हणाले. दोघींना अर्ध्या पगारावर ठेवायचं ठरवलं, तो कागद दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिरले तेव्हा त्यांच्या पुढ्यातच होता. "पण तू म्हणालीस, तिला दुसरी नोकरी मिळाली. मग म्हटलं, तुला पूर्ण पगार राहू दे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१७ जानेवारी
श्रीवर्धनला फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. तिने नुसत्या हॅलोवर ओळखलं. ओरडलीच — "ताई! यशूला दहावीला किती पडले?"