लाँड्रीतली प्रार्थना

दि. ३ फेब्रुवारी

ती. अक्कास,
धाकट्या भावाचा सलाम वि. वि.

परवा सुखरूप पोचलो. फोनवर तुला सांगावं एक आणि ऐकू यावं भलतंच, म्हणून पत्र लिहितोय. विमानतळावर जावई घ्यायला आले होते. बारा वर्षांनी पाहिलं. केस पार पांढरे झालेत, मी ओळखलंच नाही. ते जवळ आले नाहीत, मीही गेलो नाही. बॅग तेवढी त्यांनी उचलली.

काल माझ्या लेकीच्या, छकुलीच्या कबरीवर जाऊन आलो. माती अजून बसलेली नाही, नुसती लाकडी पाटी रोवली आहे. कावीळ झाली आणि दहा दिवसांत आटोपलं, एवढंच जावयांनी सांगितलं.

अक्का, या परक्या देशात जिथे बघावं तिथे प्रभूच दिसतो. टॅक्सीवाल्याच्या आरशाला लाकडी क्रूस टांगलेला होता. आडवी पट्टी वाकडी ठोकलेली, माझा सुताराचा डोळा तिथेच गेला. कोपऱ्यावरची पाववाली भट्टीत घालण्याआधी प्रत्येक गोळ्यावर सुरीने क्रूस काढते. रस्ता खणणारा एक मजूर डबा उघडून, टोपी काढून, मान खाली घालून बसला होता. एरवी मला किती बरं वाटलं असतं! आता प्रत्येक खूण माझ्याकडे बोट दाखवते. देव न मानणाऱ्याशी लग्न केलं म्हणून मी तिला तोडलं. मग पोरीने श्रद्धाच टाकली असेल, तर ती कोणापायी? जावयांना विचारायला जीभ रेटत नाही.

तब्येतीला जप.
तुझा, भाऊ

दि. १२ फेब्रुवारी

चि. भाऊ यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. ऐकू कमी येतं, पण वाचायला मला अजून चष्म्याचीसुद्धा गरज नाही, हे ध्यानात ठेव. ब्लडप्रेशरची गोळी विसरू नकोस. मफलर इथेच खुंटीवर ठेवून गेलास, वेंधळा तो वेंधळाच.

तू आपल्या चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी होतास. रजिस्टरातलं तिचं नाव तू पट्टी लावून लाल शाईने खोडलंस. रेघ अगदी सरळ होती, सुताराला शोभेल अशी. मी शेजारीच उभी होते आणि गप्प बसले. त्याची मला आजही लाज वाटते. तिची आई गेली तेव्हा पोर नऊ महिन्यांची होती. तिला न्हाऊमाखू घातलं ते या हातांनी. पण तिला टाकताना तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस. तुझी लेक गेली म्हणून सगळे तुझं सांत्वन करतात. माझी कोण गेली, हे कुणी विचारत नाही.

असो. रडून पत्र भिजवण्यात अर्थ नाही. तिच्या खोलीत कुढत बसू नकोस. ज्या लाँड्रीत ती कामाला होती तिथे जा. माणूस घरात कसा होता ते घरचे सांगतात, पण खरा कसा होता ते बरोबर राबणाऱ्यांना विचारावं.

तुझी अक्का

दि. २१ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सलाम वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू लिहिलंस ते खरं आहे. माफी मागायची तर समोर येऊनच मागेन.

काल जावई मला लाँड्रीत घेऊन गेले. लांबलचक खोली, वाफेने कोंदलेली. इस्पितळाच्या चादरी तिथे धुऊन इस्त्री होतात. आठ-दहा बायका आहेत, कुणाची भाषा कुणाला नीट येत नाही. छकुलीचं टेबल अजून कुणाला दिलेलं नाही. दुपारी जेवणासाठी मशिनं बंद झाली. एक म्हातारी इस्त्रीवाली उठली, तिने माझा हात धरून मला घोळक्यात उभं केलं आणि सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. अक्का, मराठीत! उच्चार वेडेवाकडे, पण शब्द सगळे तेच. जावयांनी विचारून सांगितलं, की छकुली रोज जेवणाआधी म्हणायची. ऐकून ऐकून यांना पाठ झाली. अर्थ एकीलाही ठाऊक नाही. ती गेली तरी त्यांनी तो नेम मोडला नाही.

मी त्यांच्याबरोबर म्हणू लागलो. जशी आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हाला कर, या ओळीपाशी आलो आणि अडलो. त्या म्हातारीला वाटलं, मी विसरलो. तिने माझ्या तोंडाकडे बघत तीच ओळ सावकाश, दोनदा म्हणून दाखवली, लहान मुलाला सांगावी तशी. मग मी म्हटली.

संध्याकाळी जावयांनी सूप केलं, पाव कापला. आम्ही बसलो, पण ते चमचा उचलेनात. सूप निवायला लागलं. मी कारण विचारलं. ते म्हणाले की ते स्वतः कधी प्रार्थना करत नाहीत, पुढेही करणार नाहीत. पण बारा वर्षं तिची प्रार्थना संपल्यावरच घास घेतला. ती गेल्यापासून ते शेगडीपाशी उभ्याने खातात, कारण बसलं की नकळत वाट बघणं सुरू होतं.

मी त्यांचा हात हातात घेतला. बस दुरुस्त करणाऱ्या माणसाचा तो हात, काळं वंगण नखांत मुरलेलं. प्रार्थनेत काय बोललो ते आठवत नाही. आमेन मी एकट्यानेच म्हटलं. मग आम्ही दोघे बसून जेवलो.

परतीचं तिकीट महिनाभर पुढे ढकललंय, रागावू नकोस. तुझा माझ्यावर लोभ आहे तसाच आता त्यांच्यावरही असू दे. त्यांना तुझ्याशिवाय आणि माझ्याशिवाय कुणी नाही.

तुझा, भाऊ