काळू नदीचा डोह

मुरबाड, माघ १९४१

सौ. ताईस,

तू सवाष्ण गेलीस, म्हणून अजून सौ. लिहिते. मी लहान असताना तू नि भावजी मला याच डोहावर घेऊन आला होतात. आपण वालाच्या शेंगा भाजल्या होत्या. किती हसलो होतो! पुढे इथेच तू बुडालीस. तू सापडली नाहीस, पण तुझं मंगळसूत्र घरी आलं. आईनं मला भावजींनाच दिली, तेव्हा त्यांनी तेच माझ्या गळ्यात बांधलं.

आज त्यांनी हौसेनं मला इथे आणलंय. बैलांना पाणी दाखवतायत, तोवर लिहितेय. गाडीतून उतरताच म्हणाले, "आंघोळीला चल गो. पन आधी मंगळसूत्र माझ्यापाशी दे, पान्यात पडंल."

तुलाही असंच म्हणाले होते का गं?

तुझी धाकटी,
यमुना