थिएटरच्या दारातली दोन मशिनं

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा च्युइंगमची मशिनं चालवणे (आता बंद), पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने हे लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी काल माझी परीक्षा घेतली. वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी तीसपर्यंत पोचलो तेव्हा तेच म्हणाले, "पुरे." फुप्फुसं गेली आहेत, डोकं जागेवर आहे. याआधी केलेलं मृत्युपत्र, ज्यात सर्व काही धाकट्या भावाच्या नावे होतं, ते मी या लेखाने रद्द करतो.

कलम १. धंद्याबाबत. वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगतो. लोखंडी पायावर काचेचा गोल, आत रंगीत गोळ्या. नाणं घालून मूठ फिरवली की एक गोळी खालच्या झाकणामागे येऊन पडते. अशी एकसष्ट मशिनं मी बस स्टँडवर, सलूनमध्ये, इस्पितळात, लॉन्ड्रीच्या दाराशी उभी केली होती. अडतीस वर्षं सायकलवरून फिरून ती भरली आणि पुसली. गिऱ्हाइकाचं तोंड मी फारसं कधी पाहिलं नाही. मी पोचेपर्यंत ते चघळत निघून गेलेलं असे. पुढे ते चघळलेलं कुठे जातं, हा विचार करायची मला गरज वाटली नाही. एकोणसाठ मशिनं मी मोडीत काढली आहेत, त्यांवर कोणी हक्क सांगू नये. उरलेल्या दोहोंबद्दल कलम ३ मध्ये लिहिलं आहे.

कलम २. धाकट्या भावाबाबत. तो पहिली सहा वर्षं माझा भागीदार होता. ऊन सोसत नाही म्हणून बाहेर पडला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्या बायकोला पोचवून आलो त्याच संध्याकाळी, मी अजून ओल्या कपड्यांत बसलेलो असताना, त्याने विचारलं, "दादा, स्टँडवरच्या मशिनांच्या किल्ल्या कुठे ठेवतोस रे?" मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आता देतो. मोडीत काढलेल्या मशिनांच्या सगळ्या किल्ल्या कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात आहेत आणि त्या सर्व, डब्यासह, मी त्याला देत आहे. त्यांची कुलुपं कुठेही उरलेली नाहीत. याखेरीज माझ्या मिळकतीत त्याचा काहीही वाटा नाही.

कलम ३. थिएटरच्या दारातल्या दोन मशिनांबाबत. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

माझी बायको त्या थिएटरात सफाईला होती. सहाशे खुर्च्या. लोक खेळ संपला की गम खुर्चीखाली चिकटवून जात. ती शीतपेयवाल्याकडून बर्फ मागून घ्यायची, तो कापडात गुंडाळून गमवर दाबायची, कडक झालं की पत्तीने खरवडायची. त्यासाठी गुडघ्यांवर बसून एकेका रांगेतून सरकावं लागे. बर्फाने बोटांची टोकं बधिर होत. घरी आल्यावर तिला ब्लाउजचं बटण लावता येत नसे, ते मुलगी लावून द्यायची.

एकदा जेवताना ती म्हणाली, "आज एकशे चाळीस निघाले. तुमची ती दोन मशिनं तिथून हलवता का?"

मी हसून म्हणालो, "एकशे चाळीस? म्हणजे धंदा बरा चाललाय."

मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती, समोरच बसली होती. बायकोने माझ्या ताटात भात वाढला आणि उठून गेली. त्यानंतर अकरा वर्षं ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. दूध आणा. दार लावा. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. भांडण झालंच नाही. मी मशिनं हलवली नाहीत, कारण पूर्ण फेरीत सगळ्यात आधी रिकामी व्हायची ती तीच.

तिला पोचवायला थिएटरचे मॅनेजर आले होते. मला तिथे पाहून ते चकित झाले. गमवाला आणि तिचा नवरा एकच, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "मी दोनदा ती मशिनं काढून टाकायला निघालो होतो. बाईंनीच थांबवलं. म्हणाल्या, राहू द्या साहेब, त्या माणसाचं घर चालतं त्यावर. मी उरकते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही मशिनं उचलून घरी आणली. मॅनेजरांकडून तिची पत्ती मागून घेतली आणि थिएटर बंद पडेपर्यंत, म्हणजे तेरा महिने, खुर्च्यांखाली मी बसलो. पगार घेतला नाही. मशिनं गेल्यावरही गम निघतच होतं, जुनं, दगडासारखं. पहिल्या रांगेलाच मला दोन दिवस लागले. ही दोन मशिनं मागच्या खोलीत आहेत. ती विकू नयेत, कोणाला शोभेसाठीही देऊ नयेत. मॅनेजरांनी उभं राहून ती फोडून घ्यावीत. याकामी त्यांना मी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमतो. त्यांनी ते कबूल केलं आहे.

कलम ४. मुलीबाबत. माझं राहतं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यातलं सर्व सामान आणि बँकेत जे असेल ते, मी माझ्या एकुलत्या एका मुलीस देत आहे. ती विसाव्या वर्षी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि आईच्या आजारपणाखेरीज या घरी राहिली नाही. ती आली नाही तरी घर तिचंच. विकलं तरी तिचंच. याला कोणतीही अट नाही.

मॅनेजरांनी सांगितलेलं मी तिला फोनवर कळवलं होतं. ती म्हणाली, "मला माहीत होतं, बाबा."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"आईने शपथ घातली होती. मशिनं मॅनेजरनी काढायला नको होती तिला. तुम्ही काढायला हवी होती."

मी विचारलं, "अकरा वर्षं ती वाट बघत होती?"

ती म्हणाली, "नाही. पहिली चार-पाच वर्षं."

वरील मजकूर मी स्वहस्ते लिहिला, साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. यात फेरफार करण्याजोगं माझ्याकडे काही उरलेलं नाही.

सही: (लिहून ठेवणार)

साक्षीदार १: थिएटरचे निवृत्त मॅनेजर. सही माझ्यासमोर झाली.
साक्षीदार २: उपचार करणारे डॉक्टर. सही माझ्यासमोर झाली. लिहून ठेवणारे शुद्धीवर आहेत. कलम ४ वाचताना दोनदा थांबले, ते धापेमुळे नव्हे.

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: नऊ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी अकरा