लाल दोऱ्याचे कप

प्रिय ठमे,

तुझं पत्र मिळालं. ‘आई, रागावू नकोस’ अशी सुरुवात बघून म्हटलं, नर्सिंग सोडून परत येतेय की काय ही बया! पुढचं वाचलं आणि मशीन थांबवून हे लिहायला बसले. सतरा वर्षं तुला एक गोष्ट सांगायचा धीर होत नव्हता. कळल्यावर तू माझ्याशी कशी वागशील, याचीच धास्ती. आज सांगतेच.

लहानपणी शाळेतून थेट शिवणखान्यात यायचीस आणि डोकं खायचीस, सगळ्या कपांच्या कानांना लाल दोरा कशाला? मी म्हणायचे, शोभेला गं. धादांत खोटं.

तू दोन वर्षांची असताना बाबा न्यूमोनियाने गेले, एवढंच तुला ठाऊक. त्यांना एचआयव्ही होता. तपासणीत मलाही निघाला. तू मात्र ठणठणीत. घरच्यांनी माझं ताट वेगळं केलं. मग मीही अतिशहाणपणा केला. कामावरच्या माझ्या कपाला आपणहून लाल दोरा बांधला, कुणी चुकून उचलू नये म्हणून. कटिंगवाल्या मावशीने कारण विचारलं, तर रडत सगळं सांगून बसले. तिने कात्री उचलली आणि परत कापड कापायला लागली. वाटलं, झालं, कामही गेलं.

दुसऱ्या दिवशी बघते तर फळीवरच्या अकराही कपांना लाल दोरा! माझा कुठला, मलाच ओळखू येईना. का बांधला, ते मावशीने कुणाला सांगितलं नाही. नवा नियम म्हणाली, बस्स. बाकीच्यांना वर्षभरात मीच एकेकीला सांगितलं. काजंवाली महिनाभर घरून कप आणायची, खोटं कशाला बोलू. पुढे मी गोळ्यांना कंटाळले, तेव्हा तिनेच माझे कान उपटले. अजून रोज विचारते, घेतलीस का गं? अशा बाया आहेत माझ्या! म्हणून तर मी आज धडधाकट आहे.

आता रागावायचं म्हणशील तर ऐक. वॉर्डातल्या त्या एचआयव्हीवाल्या बाईचा कप सगळ्यांनी बाजूला ठेवला आणि तू तिच्या शेजारी बसून तिच्याच कपातला चहा प्यायलीस. हे आईला आवडणार नाही म्हणून घाबरलीस होय? अगं वेडे, ऊर भरून आला माझा. मी विचारायच्या आधीच तू उत्तर दिलंस. फळीवर बारावा कप आणून ठेवलाय, तुझा. सुट्टीत ये आणि त्याचा दोरा तूच बांध.

तुझीच,
आई