घड्याळ माझ्या हातात होतं

२० एप्रिल, रविवार

घड्याळाचं बटण नेमकं कधी दाबलं गेलं? बैलांनी वरची रेघ ओलांडल्यावर, की आधी? मला खरंच सांगता येत नाही.

पण आबा जिंकले! बारा वर्षं यात्रेच्या शर्यतीत बैलगाडा पळवतायत, आज पहिल्यांदा पहिला नंबर! आमचा बैल पाखऱ्या शर्यतीचा घाट असा चढला की नुसती धूळ दिसली. अकरा पॉइंट सहा सेकंद. शेजारच्या वाडीतल्या कुलदीपचा गाडा दुसरा, अकरा पॉइंट सात. बक्षीस मोटारसायकल! आबा ट्रॅक्टरवर, अंगभर भंडारा. आई दारात चक्क नाचली.

वेळ मी घेतली. बाईच्या हातात घड्याळ पहिल्यांदाच! कमिटीचे दादासाहेब म्हणाले, “पोरगी चाकणच्या कंपनीत दिवसभर हेच करती. कोन किती सेकंदात नट आवळतो ते मोजती. शिकल्याली हाय.” घरात पदवीधर मी एकटीच. कुणीतरी म्हणालं, तिच्या बापाचाच गाडा पळतोय की! तर कुलदीपच पुढे आला — “असू द्या. ती खोटं न्हाई सांगनार.”

२१ एप्रिल

कंपनीत पेढे वाटले. माझा मोठा भाऊ रणजीतदादा भोसरीला कामावर नव्या गाडीवरून गेला. रोज दोन शेअर रिक्षा बदलायचा. आज शिट्टी वाजवत गेला!

२२ एप्रिल

दादाने काढलेला शर्यतीचा व्हिडिओ घरात सारखा चालू. मी तो माझ्या मोबाईलवर घेऊन हळू करून पाहिला.

माझे दोन्ही हात वर, उड्या मारतेय, घड्याळ दोरीला लटकतंय. म्हणजे बटण त्याआधीच दाबलेलं. आणि बैल रेघेच्या अलीकडे! मध्ये अख्खा एक बैल मावेल. दोन दशांश सेकंद तरी गेलेच, म्हणजे खरी वेळ अकरा पॉइंट आठ, कुलदीपच्या मागे. कंपनीत अशी वेळ मी खोडते.

दादाला दाखवलं.

“डिलीट करतो. कुणाला कळणारे?”

“मला कळलंय ना!”

“आमच्या जिवावर शिकलीस, आता आम्हालाच शिकवणार?”

लागलं. माझ्या फीसाठी त्याने बारावीनंतर कॉलेज सोडलं. तो चुकीचं नाही बोलला.

आई एवढंच म्हणाली, “आबांना नको सांगू बाई. माणूस दोन भाकरी जास्त खातोय.”

२३ एप्रिल

आबा पाखऱ्याला अंघोळ घालताना गात होते. किती बेसूर! सांगणं झालं नाही.

२४ एप्रिल

सांगितलं. गोठ्यात, सकाळी. आबांनी व्हिडिओ तीनदा पाहिला. मोबाईल परत दिला आणि पाखऱ्याची पाठ चोळत राहिले. मी रडायच्या बेतात — आणि ते एकदम हसायला लागले!

“आगं, उड्या काय मारतीस! बारा वर्सांत माज्या बैलासाठी असं कुनी उडालं न्हाई.”

पुन्हा व्हिडिओ लावायला लावला. बैलांकडे नाही, माझ्याकडेच बघत होते. मग म्हणाले, “कुलदीप काय म्हनला व्हता?”

“ती खोटं सांगणार नाही.”

“मंग?”

२५ एप्रिल

सकाळी दादासाहेबांना व्हिडिओ दाखवला. तिथून मोटारसायकल कुलदीपच्या दारात लावली, चावी त्याच्या हातात दिली. गाडी मी चालवली, मागे आबा बसले होते. येताना दोघं चालत आलो.