निबंध आशेवर, कुपी निबंधावर

सोमवार, १३ ऑक्टोबर

बुधवारी संध्याकाळी बिशपसाहेबांसमोर माझा निबंध: 'आशा आणि मानवी अनुभव'. आजवर सगळ्यांनी आशा नेऊन ढगांत ठेवली. आधुनिक धर्मशास्त्र म्हणतं, देवाची गोष्ट माणसाच्या अनुभवापासून सुरू करा. सेमिनरीत भावी फादरांना वर्षानुवर्षं हेच शिकवतोय, आता जरा वरच्यांनाही कळू दे.

अडचण एकच. निबंधात देव भरपूर आहे, मानवी अनुभव औषधालाही नाही. उद्या गोळा करतो.

ताईचा फोन. पोटातल्या गाठीचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी. म्हणाली, फार भीती वाटते रे, एकदा येऊन तेल लावून जा. आजाऱ्याच्या कपाळाला, तळहातांना तेल लावून प्रार्थना करायची. आम्हा फादर लोकांचं नेहमीचंच काम, फार वेळ लागत नाही. उद्या नक्की येतो म्हटलं. विसरायला नको म्हणून तेलाची कुपी लगेच काढून टेबलावर ठेवली. मी असा व्यवस्थित माणूस.

मंगळवार, १४ ऑक्टोबर, सकाळ

पंख्याने निबंधाची पानं उडत होती. कुपी वर ठेवली. झकास बसली!

अनुभव गोळा करायला स्वयंपाकघरात गेलो. आचाऱ्याला विचारलं, तुमच्या आयुष्यात आशेचं स्वरूप काय? म्हणाला, फादर, एक दिवस तरी तुम्ही गरम असताना जेवाल. उत्तरात खोली नाही. वगळलं.

दुपार

आज लेखणीला धार आली होती. 'आशा म्हणजे भ्यालेल्या माणसाच्या उशाशी जाऊन बसणं.' वाचताना डोळे भरून आले. माझेच. नेमका तेव्हाच ताईचा फोन वाजला. उचलला नाही, तंद्री मोडली असती.

मग हॉस्पिटलमधून दाजींचा फोन. म्हणे, ती धड जेवत नाही, सारखी दाराकडे बघते. समजावलं की उद्या व्याख्यान संपलं की तडक तिकडेच. दाजी नुसतं 'बरं' म्हणाले. दाजींचं ते 'बरं' मला लग्नापासून आवडलेलं नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

व्याख्यान कमालीचं गाजलं. बिशपसाहेब पहिल्या पानालाच डोळे मिटून चिंतनात गेले ते टाळ्या होईपर्यंत बाहेर आले नाहीत. प्रश्न विचारा म्हटलं, तर माइकवाल्याने विचारलं, बंद करू का? विषय पचायला वेळ लागतो.

नंतर चर्चेसाठी थांबावं लागलं. कुणीच थांबलं नाही, तरी मी थांबलो. एवढ्यात हॉस्पिटलची भेटायची वेळ संपली. त्यांचे नियम, माझा काय दोष? उद्या ऑपरेशनच्या आधी गाठतोच.

गुरुवार, १६ ऑक्टोबर, हॉस्पिटल

गाठलं! ताईला ट्रॉलीवरून आत नेतच होते. मला बघून अशी हसली की मलाच कसंतरी झालं. दोन्ही तळहात पुढे केले.

पिशवीत हात घातला. निबंध. पुन्हा घातला. निबंधच. काल पानं उचलताना कुपी बाजूला ठेवली, ती तिथेच राहिली.

ताई म्हणाली, असू दे रे, जे आणलंयस ते वाच. वाचायला लागलो. दुसऱ्या वाक्याला तिने डोळे मिटले. मला वाटलं, चिंतन. नर्स म्हणाली, अहो, झोपल्या की! गुंगीचं इंजेक्शन तर अजून द्यायचंय. रात्रभर टक्क जाग्या होत्या बिचाऱ्या.

तिला आत नेलं. तळहात तसेच उघडे होते.

नंतर, बाहेरच्या बाकावर

दार बंद आहे. आतून कुणी काही सांगत नाही. शेजारी दाजी. ते मला कधी फादर म्हणत नाहीत, आज म्हणाले. विचारलं, फादर, होईल ना रे ती बरी?

मांडीवर अख्खी आशा, तळटीपांसकट. पानं उलटली, सुलटली. दाजींना सांगण्यासारखं एक वाक्य सापडेना.

शेवटी मीच त्यांचा हात घट्ट धरला आणि विचारलं, होईल ना हो, दाजी?