मेजर रणशूर आणि सदतीसावं पान

३ नोव्हेंबर, सोमवार
सकाळपासून स्वयंपाकघरात खून. क्षितिजा (सून) मेथी निवडताना मोबाइलवर ऐकत होती. कोणीतरी घोगऱ्या आवाजात सांगत होता की हिरव्या दिव्याखाली प्रेत पडलं होतं आणि मेजर रणशूरांनी काळी फियाट थांबवली. मी म्हटलं, बंद कर हा कचरा. ती म्हणाली, आई, सध्या सगळे हेच ऐकतायत. वसईच्या जुन्या सर्क्युलेटिंग लायब्ररीवाल्यांचा नातू दीपेश या सत्तरच्या दशकातल्या रहस्यकथा ऑडिओवर आणतोय. लेखक मेजर रणशूर, हीरोही मेजर रणशूर.
मी असलं कधी वाचलेलं नाही. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. शिवाय मेजरची काळी फियाट तिसऱ्या प्रकरणानंतर दर वेळी पांढरी होते. इतका हलगर्जी लेखक.

५ नोव्हेंबर
मेजर रणशूर म्हणजे प्रिस्का.
निर्मळ गावची प्रिस्का. शाळेत माझ्या बाकावर बसणारी. क्षितिजाने फोटोच दाखवला. मागे केळी, पुढे प्रिस्का, चेहऱ्यावर साधेपणाचा आव. म्हणे त्या काळी बाईने केलेले खून कोणी विकत घेत नसे, म्हणून ही पुस्तकं छापणाऱ्या दीपेशच्या आजोबांनी तिला मेजर केलं. दिवसा प्राथमिक शाळेत बाराखडी, संध्याकाळी मुडदे.
सिस्टर वर्गात कॉम्पोझिशन वाचून दाखवायच्या ते माझं. प्रिस्काचं एकदाही नाही.
मला आनंदच झाला. दुपारी जेवण गेलं नाही ते ॲसिडिटीमुळे.

८ नोव्हेंबर
१४ डिसेंबरला वसईत जुन्या रहस्यकथांचा मेळावा आहे. प्रमुख पाहुणी अर्थात ती. पण दीपेशला एक नवी रहस्यकथाही हवी आहे. ज्याची निवडली जाईल त्याने स्टेजवर पहिलं प्रकरण वाचायचं, मग तो ती रेकॉर्ड करणार.
निर्णय घेतला. रोज दहा ते बारा लेखन. कोणाशी स्पर्धा म्हणून नव्हे. भाषेसाठी.
शांताराम (तोंडावर 'अहो', इथे नावाने, कोण वाचतंय?) अभ्यासाला म्हणून लायब्ररीचं एक जुनं पुस्तक घेऊन आले. मी हात लावला नाही. त्या पुस्तकांवर लोकांच्या खुणा असतात. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून जो तो आपल्या ठरलेल्या पानावर काहीतरी काढून ठेवायचा. कोणी क्रूस, कोणी स्वस्तिक. सोय होती, हे मान्य. मीही काढत असे, सदतीसाव्या पानाच्या कोपऱ्यात, पेन्सिलने, एक उंदीर. सदतीस माझा शाळेतला रोल नंबर. पण मी काढायचे ते इंग्रजी क्लासिक्सवर.

१० नोव्हेंबर
लिहिलं नाही. पाण्याचा टँकर. तुळिंजमध्ये राहून साहित्य होत नाही.

११ नोव्हेंबर
लिहिलं नाही. पेन बोटाला रुततं.

१२ नोव्हेंबर
नवीन पेन आणलं. फारच गुळगुळीत आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार
निर्मळची जत्रा. प्रिस्का भेटणार नाही अशी काळजी घेऊन तिच्याच गल्लीने गेले. भेटली. सुकेळ्यांचं, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचं, पुडकं हातात कोंबलं. घरची, म्हणाली. मी सहज विचारलं की पूर्वी कसं लिहायचीस. तर म्हणे महिन्याला एक, पानं ठरलेली, आणि खून पंधराव्या पानाच्या आत. नाहीतर बायका पुस्तक दुसऱ्या दिवशी परत आणून टाकत. लिहिताना एकच वाचक डोळ्यांपुढे धरायचे, म्हणाली. कोण ते विचारलं तर हसली. शाळेतही अशीच हसायची, उत्तर येत नसलं की.
सुकेळी चांगली होती. दुर्दैवाने.

२१ नोव्हेंबर
सुचलं! अख्खं सुचलं. पालक चिरताना.
मिठागराचा मालक गायब. धूर कोंडून केळी पिकवायच्या बंद खोलीत प्रेत. धुराच्या वासात दुसरा वास दडलेला, पण अर्धेच घड पिकले, म्हणजे मधे कोणीतरी दार उघडलं होतं, हे डिटेक्टिव्ह एका नजरेत ओळखतो. खुनी कोण? चर्चमधला ऑर्गन वाजवणारा आंधळा बेंजामिन. तो आंधळा नसतोच.
वाक्यंच्या वाक्यं येतायत, हात पुरत नाही. केळी कशी पिकवतात हे मला कोणी कधी शिकवलं नाही. याला प्रतिभा म्हणतात. प्रिस्काला महिना लागायचा.
शांतारामला वाचून दाखवलं. म्हणाले, छान आहे, फार ओळखीचं वाटतं. चांगलं साहित्य ओळखीचंच वाटतं. त्यांना काय कळतंय.

३० नोव्हेंबर
पाठवलं.

६ डिसेंबर
दीपेशचा फोन. निवडलं! म्हणाला, काकू, अगदी त्या काळातल्यासारखं जमलंय. मी म्हटलं, त्याहून बरं. प्रिस्काला खुर्ची, मला माइक. वाचनाआधी दोन शब्द बोलणार आहे, सवंग साहित्याने पिढीचं काय नुकसान केलं यावर. जांभळी साडी इस्त्रीला.

१५ डिसेंबर, सोमवार
कालचं थोडक्यात लिहिते.
दोन शब्द उत्तम झाले. प्रिस्काने टाळ्या वाजवल्या.
मग वाचन. दुसऱ्याच परिच्छेदाला पुढच्या रांगेतल्या बायका ओठ हलवायला लागल्या. मला वाटलं, तल्लीन झाल्या. केळीच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा माझं वाक्य माझ्याआधी तिसऱ्या रांगेतून आलं. मग एक टोपीवाले आजोबा आपल्या बायकोला मोठ्याने म्हणाले, "हा तो आंधळा बेंजामिन नाय का गो?" बेंजामिन अजून आलाही नव्हता.
दीपेश मागच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात शिरला आणि एक वाळवी लागलेलं पुस्तक घेऊन आला. हे रेकॉर्ड व्हायचं राहिलं होतं म्हणे, त्याने वाचलंच नव्हतं. मुखपृष्ठावर केळीचे घड आणि एक हात.
तेवढ्यात प्रिस्का उठली आणि माइकवर म्हणाली की मीच मीराला सांगितलं होतं, माझं जुनंच वाच, बघू कोणाला आठवतंय. लोकांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या. मला. तिच्यामुळे.
हे मी तिला कधीही माफ करणार नाही.
चहाच्या वेळी ती मला त्या टेबलाशी घेऊन गेली. एक पुस्तक उघडलं, सदतीसावं पान. उंदीर. दुसरं, उंदीर. तिसरं, चौथं. शेपट्या वळवलेल्या.
मी म्हटलं, उंदीर कोणीही काढू शकतं.
"माझ्या कंपासपेटीवर काढायचीस, तोच आहे," प्रिस्का म्हणाली. "नवीन पुस्तक लागलं की मी आठवड्याने लायब्ररीत जायचे, सदतीसावं पान बघायला. उंदीर आलेला दिसला की घरी येऊन पुढचं लिहायला घ्यायचे. मग तुझं लग्न झालं, तू गेलीस. उंदीर यायचे थांबले, तसं माझंही लिहिणं थांबलं."
मी चहात साखर जास्त आहे असं म्हटलं.

१७ डिसेंबर
प्रिस्काने शांतारामच्या हाती नव्या कादंबरीचे कागद पाठवले. इतक्या वर्षांनी मेजर परत आलेत. चुका काढ, असं सांगितलंय. चुका काढायलाच घेतलं. खून चौदाव्या पानावर. फियाट या वेळी शेवटपर्यंत काळी ठेवली आहे का, ते बघायला पुढे जावं लागलं. क्षितिजा जेवायला बोलावून गेली, मी म्हटलं, हे पान संपू दे.
छत्तीस पानं झाली.
या घरात एक पेन्सिल वेळेवर सापडेल तर शपथ.